दारात म्हणजे दारात

लोक विचारतात, वसराम, आयुष्यभर तू केलंस काय? मी सांगतो, दुसऱ्यांच्या मोटारगाड्या वाहिल्या. ते म्हणतात, म्हणजे चालवल्या. मग समजावून सांगावं लागतं. एखाद्या साहेबाची बदली पंजाबातून नांदेडला झाली, की त्यानं आपली कार एवढ्या लांब चालवत आणायची कशी? बायको-मुलं रेल्वेनं यायची आणि कार आमच्या ट्रकमधून. आम्ही ती चढवायचो, आवळून बांधायचो आणि नव्या घरासमोर नेऊन उतरवायचो. नांदेडच्या एका सरदारजींचे ट्रक होते, त्यांच्याकडं मी नव्वदच्या आसपास लागलो.

मी औंढ्याजवळच्या तांड्यावरचा. आमचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरायचे, हे कळलं की शिकलेले लोक खूश होतात. म्हणतात, मग हे तुमच्या रक्तातच आहे. रक्तात काही नव्हतं. रान थोडं होतं, खाणारे जास्त होते आणि ट्रकवर पगार मिळायचा, म्हणून गेलो.

संपादकांनी सांगितलं, रस्त्यावरच्या गमतीजमती लिहा. लिहितो. पण त्यात एक गोष्ट अशी आहे, की वाचून आमच्याच भागातल्या काही लोकांना राग येईल. येऊ द्या. ती जिथं घडली त्या गावाचं नाव मी लिहीत नाही, कारण तिथं चांगली माणसंही राहतात आणि त्यांतल्या काहींनी त्या दिवशी हातभारही लावला.

आधी धंदा सांगतो. आज कार नेणारे बंद कंटेनर असतात, मागची फळी आपोआप खाली येते, कार सरळ आत जाते. आमच्या काळात साधा मालट्रक. ट्रकचा तळ माणसाच्या छातीला लागेल एवढा उंच. मग कार वर चढणार कशी? त्यासाठी उंच जागा शोधायची. शहरात रेल्वेचा मालधक्का. खेडेगावात गोदामाचा ओटा, नाही तर कालव्याचा भराव. ट्रक मागं मागं नेऊन त्या उंचवट्याला चिकटवायचा, मागचा फाळका खाली पाडायचा, मधल्या फटीवर सागाच्या जाड फळ्या टाकायच्या आणि कार आत घालायची. आमच्याकडं सिद्धेश्वर धरणाच्या कालव्यांचे भराव आहेत, त्यांच्यावर मी किती गाड्या उतरवल्या असतील. पाणी शेताला मिळो न मिळो, भराव मला मिळाला.

कार आत गेली की दोर चाकांना बांधायचा, अंगाला कधीच नाही. अंगाला बांधला तर रंग जातो आणि रंग गेला की मालकाचा चेहरा जातो. चाकांच्या पुढं-मागं लाकडी ठोकळे ठोकायचे. बॅटरीची तार काढायची. पेट्रोल नावापुरतं ठेवायचं. आणि कारमध्ये सामान ठेवू द्यायचं नाही. हे शेवटचं कोणी ऐकत नसे. झाशीचे एक निवृत्त मेजर होते, त्यांनी आम्हाला कार तीन वेळा चढवायला आणि उतरवायला लावली, कारण ती त्यांना वाकडी उभी दिसत होती. तिसऱ्या वेळी मी म्हणालो, साहेब, कार सरळ आहे, तुम्ही उतारावर उभे आहात. ते खाली बघून बाजूला झाले आणि मग म्हणाले, आता ठीक आहे. त्यांच्या डिकीतून नंतर लोणच्याची बरणी निघाली. फुटलेली.

माझा जोडीदार खाजाभाई. वसमतचा, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठा, आधी त्यानं हळदीच्या अडतीवर हमाली केलेली. एक झोपायचा, दुसरा चालवायचा. त्याचा स्वभाव थंड. तो म्हणायचा, रस्त्यावर राग करणाऱ्याचा ट्रक आधी गरम होतो. माझा ट्रक नेहमीच गरम असायचा.

एकदा उत्तरेकडच्या एका नाक्यावर आम्हाला अडवलं. ट्रकमध्ये नवी कोरी कार. तिथल्या शिपायानं माझं गाव विचारलं, मग जात विचारली. मी सांगितली. तो आजूबाजूच्या ड्रायव्हर लोकांकडं बघून हसला आणि म्हणाला, मग ही चोरीचीच असणार. कागद दाखवले, त्यांनी मालकाला फोन लावला, खात्री झाली. जा म्हणाले. मी गेलो नाही. खाजाभाई माझी बाही ओढत होता. मी तिथंच बाकावर बसलो आणि सांगितलं, ज्या लोकांसमोर चोर म्हणालात, त्यांच्यासमोर चोर नाही म्हणा, मग निघतो. मागं ट्रकांची रांग लागली. हॉर्न सुरू झाले. शेवटी त्यांच्या साहेबानं बाहेर येऊन शिपायाला बोलायला लावलं. तो जमिनीकडं बघत पुटपुटला. मी म्हणालो, मागच्या ट्रकवाल्याला ऐकू आलं नाही. तेव्हा तो मोठ्यानं बोलला. तुला नडायची हौस आहे, खाजाभाई पुढं रस्त्यात एवढंच म्हणाला. असेल.

आता ती गोष्ट.

हिंगोली जिल्हा तेव्हा नुकताच वेगळा झाला होता. लुधियानाला आम्ही माल टाकून परतीच्या भाड्याची वाट बघत होतो. तिथं एक तरुण इंजिनियर साहेब आला. आमच्या ट्रकवर नांदेडचं नाव वाचून आला होता. माझ्या तोंडून मराठी ऐकली आणि त्याचं तोंड फुललं. मिलिंद त्याचं नाव. सरकारी नोकरीत होता, दोन-तीन वर्षांसाठी पूर्वेकडं डोंगराळ भागात बदली झाली होती. तिकडं कार न्यायची नव्हती. ती आईला पाठवायची होती. आई गावात एकटी, किडनीचं दुखणं, नांदेडच्या दवाखान्यात सारख्या चकरा, आणि जायचं ते काळीपिवळी जीपच्या मागच्या फळीवर बसून. चुलतभाऊ कैलास वसमतला तसलीच जीप चालवायचा, तो कार चालवणार होता.

गावाचं नाव ऐकलं आणि मी म्हणालो, तिथं तर आम्ही हळद भरतो. सीझनला महिन्यातून दोन फेऱ्या असतात. मग चहा पिता पिता त्यानं सांगितलं, की तो दहावीला असताना सायकलवर बसून गावच्या वेशीतून आत गेला होता, तेव्हा त्याला खाली ओढून सायकल विहिरीत टाकली होती. त्यांचं घर वेशीच्या आत, पार पलीकडच्या टोकाला, बौद्धवाड्यात. आईनं त्याला त्याच आठवड्यात परभणीच्या वसतिगृहात नेऊन घातलं. तो म्हणाला, "वसरामभाऊ, कार आईच्या दारात उतरवा. दारात म्हणजे दारात."

मी हो म्हणालो. धंद्यात आम्ही सगळ्यांनाच हो म्हणतो. पण ह्या वेळी नीट ऐकून म्हणालो.

गावात पोचलो तेव्हा सकाळची उन्हं चढली होती. वेस जुनी, दगडी, बुटकी. आमचा ट्रक तिच्यातून जाणं शक्यच नव्हतं. पण वेशीच्या बाहेर, रस्त्याला लागून सोसायटीच्या गोदामाचा ओटा होता. खताचे ट्रक तिथंच लागायचे. त्याच्या एका टोकाला हातगाड्यांसाठी उतार काढलेला. कार ओट्यावर घ्यायची, उतारावरून रस्त्यावर आणायची आणि वेशीतून आत न्यायची. कैलास तिथं वाट बघत उभा होता, त्यानं सोसायटीच्या लोकांना आधीच विचारून ठेवलं होतं. पाच मिनिटांचं काम.

ओट्याला ट्रॅक्टरची ट्रॉली लावून ठेवलेली होती. सोसायटीचे चेअरमन खुर्ची टाकून बसले होते. हळदीचा व्यापारही त्यांचाच, त्यामुळं मला ओळखायचे. मी ट्रॉली बाजूला घ्यायला सांगितली. ते म्हणाले, ओट्याला भेग पडली आहे, कारच्या वजनानं खचेल. मी म्हणालो, गेल्या महिन्यात ह्याच ओट्यावर खताची एवढी पोती पडली. ते म्हणाले, म्हणूनच भेग पडली.

मग त्यांनी मला जवळ बोलावलं. आवाज गोड केला. कार वसमतला नेऊन उतरव म्हणाले, कैलास तिथंच असतो, गाडीही तिथंच राहू दे. कुठं गावातल्या गल्ल्या खराब करता. त्यांच्या शेजारी एक गुरुजी उभे होते, ते खरंच भल्या मनानं बोलले असतील, म्हणाले, नाही तर असं करा, अंधार पडल्यावर आणा, कोणाच्या डोळ्यावर येणार नाही.

एवढ्यात म्हातारी वेशीतून येताना दिसली. गयाबाई. हाडाची काडी, पांढरं लुगडं, पायांवर सूज. चपला हातात होत्या. वेस ओलांडून बाहेर आल्यावर तिनं त्या पायात घातल्या. मला आधी कळलं नाही, नंतर कळलं. गुरुजींचं बोलणं तिनं ऐकलं होतं.

"काहून अंधारात आणायची? चोरीची हाय का?" ती म्हणाली. "दिसा आणा."

मला वाटलं, हे सोपं आहे. हट्टा गावाकडं जाताना कालव्याचा भराव आहे. तिथं कार उतरवतो, चालवत परत आणतो आणि वेशीतून आत नेतो, ओटा नको आणि चेअरमनही नको. मी तिला तसं सांगितलं. ती म्हणाली, "लेकरा, आज हितून गाडी माघारी फिरली, की ती ह्या गावात पुन्यांदा येत न्हाई. तू रस्ता पाह्यलास. म्या गाव पाह्यलंय."

आणि ती ट्रककडं गेली. कैलासला म्हणाली, वर घे. कैलासनं आणि खाजाभाईनं तिला उचलून वर घेतलं. ट्रकमध्ये कारचं दार अर्धंच उघडतं, पण तेवढ्या फटीतून ती बारीक बाई आत शिरली आणि मागच्या सीटवर जाऊन बसली. काच खाली करून म्हणाली, गाडी उतरंल तवा मी उतरंन.

झालं. ट्रक वेशीसमोर, ट्रकमध्ये कार, कारमध्ये म्हातारी. सकाळची शाळा सुटली. शेतातून माणसं आली. वसमतच्या बसमधून उतरणारे लोक थांबू लागले. चेअरमनच्या खुर्चीशेजारी आणखी खुर्च्या आल्या.

खाजाभाई मला ट्रकच्या पलीकडं घेऊन गेला. म्हणाला, "वसराम, अपनेकू माल पोचाना है. गाँव का झगडा गाँव का." नांदेडला आमची पुढच्या मालाची भरती ठरलेली होती, ती त्याच्या डोक्यात होती. मी म्हणालो, माल अजून पोचलेला नाही.

दुपारी चेअरमननं मला पुन्हा बोलावलं. आता आवाज गोड नव्हता. "तू तांड्याचा माणूस. तुला ह्यात काय घ्यायचंय? ट्रक फिरव, आन परवा येऊन हळद भर. न्हाई फिरवला तर ह्या गावात तुझ्या ट्रकला पोतं चढणार न्हाई."

मी सांगितलं, "चेअरमनसाहेब, तांड्याच्या माणसाला पण वेशीबाहेरच उतरवतात. म्हणून मला घ्यायचंय."

हे मी ठरवून बोललो नव्हतो. बोलून गेल्यावर माझंच मला ऐकू आलं. आमच्या तांड्याची बाई मोळी विकायला त्याच गावात यायची, तिला पाणी वरून ओतायचे. हे मला लहानपणापासून माहीत होतं आणि तरी मी इतकी वर्षं तिथं हळद भरत होतो, चहा पीत होतो, रामराम घालत होतो.

थोड्या वेळानं पोलिसांची जीप आली. जमादार चांगला माणूस वाटला, पण कंटाळलेला. शांतता बिघडेल, गाडी परत ने, असं म्हणाला. मी कागद दाखवले. कार चोरीची नाही, रस्ता सरकारी आहे, ट्रक कडेला उभा आहे. मी म्हणालो, साहेब, कार उतरवणं गुन्हा असेल तर तसं लिहून द्या, मी ट्रक फिरवतो. त्यानं टोपी काढली, डोकं पुसलं, चेअरमनकडं पाहिलं. लिहून काही दिलं नाही. जीप झाडाखाली लावून तो तिथंच बसून राहिला. लिहून देणारा माणूस मला अजून भेटायचा आहे.

पण उतरवायची कशी? उंच जागा एकच होती आणि तिला ट्रॉली लावलेली. इथं खाजाभाई उठला. मघाशी झगडा नको म्हणणारा खाजाभाई. त्यानं कारकडं पाहिलं. म्हातारी उन्हात पदराचं टोक चावत बसली होती, पाणीसुद्धा नको म्हणाली होती, कारण उतरायला लागलं असतं. खाजाभाई म्हणाला, "बेटा पंजाब में, माँ ट्रक में. हम क्या मिट्टी के हैं?" आणि तो सरळ हळदीच्या खळ्यावर गेला. तिथले हमाल त्याचे जुने ओळखीचे. खळं चेअरमनचं, बारदाना चेअरमनचा. हमालांनी कोणाला विचारलं नाही. रिकाम्या पोत्यांचे गठ्ठे खांद्यावर घेऊन ते रस्त्यानं चालत आले, खुर्च्यांसमोरून.

मग बौद्धवाडा बाहेर पडला. बायका टोपली घेऊन आल्या. रस्त्याच्या कामाचा मुरूम कडेला पडला होता, तो पोत्यांत भरू लागल्या. कैलासच्या जीपवरचे दोस्त आले. वेशीच्या आतला एक लोहार आला, तो फावडं घेऊन भिडला. मी ट्रकच्या मागं पोत्यांची रास रचायला सुरुवात केली. फाळक्यापाशी सगळ्यात उंच, मग पायरी पायरीनं उतरती. धक्का बांधायचा कसा, हे मला कोणी शिकवलं नव्हतं, पण आयुष्यभर धक्केच शोधले होते. रास दाबून पाहिली, तिच्यावर नाचून पाहिलं, मग फळ्या टाकल्या.

मी कारशी गेलो आणि म्हणालो, मावशी, आता खाली उतरा. हे पोत्यांचं काम आहे, दगा देऊ शकतं. ती म्हणाली, "ह्या वेशीतून म्या जलमभर चपला हातात घेऊन आले-गेले. आज पडले तर पडले. तू चालव."

दोर सोडले, ठोकळे काढले, बॅटरीची तार जोडली. इंजिन लागलं. आरशात म्हातारी दिसत होती, दोन्ही हात मांडीवर, फोटो काढायला बसल्यासारखी. रिव्हर्स टाकला. मागची चाकं फळीवर आली. खाजाभाई खाली उभा राहून हातानं इशारा करत होता, थोडं इकडं, थोडं तिकडं. अर्ध्यात आलो आणि डावीकडून फटकन आवाज आला. पोतं फुटलं होतं. मुरूम सांडायला लागला, फळी कलली, कार एका अंगावर झुकली. मी ब्रेक दाबून धरला. खालून हमालांनी, कैलासनं आणि त्या लोहारानं खांदे लावले. खाजाभाई ओरडला नाही. नुसता हात खाली केला, म्हणजे ये. मी ब्रेक सोडला. कार घसरत, खरवडत रस्त्यावर आली. डाव्या बाजूला दारापासून मागपर्यंत चरा पडला. इतक्या वर्षांत माझ्या हातून पडलेला तो पहिला चरा.

आता वेस समोर होती. वेशीत काही पोरं उभी होती, चेअरमनच्या घरची. मी कार त्यांच्यासमोर नेऊन उभी केली. हॉर्न दिला नाही. इंजिन चालू ठेवलं. बाकी सगळा जमाव मागं येऊन उभा राहिला, हमाल, बायका, बसमधून उतरलेले लोक. जमादार झाडाखालून उठला आणि हळूहळू चालत पुढं आला. पोरं बाजूला झाली.

आत गेलो. गल्ली अरुंद. ओट्याओट्यावर माणसं. कोणी आत निघून गेलं, कोणी बघत राहिलं. एका म्हाताऱ्यानं हात जोडले, ते कशासाठी, मला माहीत नाही. गयाबाई खिडकीतून सगळ्यांकडं बघत होती. एकदाही मान खाली घातली नाही. तिच्या दारासमोर मी कार थांबवली, उतरून मागचं दार उघडलं. ती चपला घालूनच उतरली. मग मात्र तिला उभं राहवेना, पायरीवर बसली आणि पाणी मागितलं.

माझ्या हातात तांब्या देऊन म्हणाली, आधी तू पी.

आता पुढचं. चेअरमननं शब्द खरा केला. त्या गावात आमच्या ट्रकला पुन्हा पोतं चढलं नाही. इतर दोन-तीन अडतींवरही चढेना. मालक सरदारजी माझ्यावर खूप चिडले. मी म्हणालो, दारात पोचवायचं ठरलं होतं, दारात पोचवली. ते म्हणाले, ते बरोबर आहे, पण मला हळद पाहिजे. काही महिन्यांनी मी ते काम सोडलं. पुढं हैदराबादच्या एका कंपनीचे बंद कंटेनर चालवले, नोकरी संपेपर्यंत. त्यात कार बटन दाबून चढते. बरं आहे. हात दुखत नाहीत.

चऱ्याबद्दल मी मिलिंदला पत्रानं कळवलं होतं आणि दुरुस्तीचं बोलायला तयार होतो. त्याचं उत्तर आलं नाही. त्याऐवजी तो एकदा माझ्या तांड्यावरच येऊन गेला, मी रस्त्यावर होतो. बायकोला भेटला, लेकरांना खाऊ दिला आणि गेला. आमची भेट राहिली ती राहिलीच. गयाबाई त्या कारमधून नांदेडला जात राहिली, चांगली चार-पाच वर्षं. ती गेली ते मला फार उशिरा कळलं. खाजाभाईचं मात्र मी मातीला होतो.

लोक म्हणतात, वसराम, एका कारसाठी तू हळदीची भरती घालवलीस, लागलेली नोकरी घालवलीस. मिळालं काय? ह्यावर मी पूर्वी खूप बोलायचो. आता बोलत नाही. चेअरमन अजून आहेत, खूप म्हातारे झाले आहेत, वेशीबाहेर त्याच गोदामाच्या ओट्यावर संध्याकाळी येऊन बसतात. मला वसमतला जायचं असलं की माझा पोरगा मोटरसायकलवर नेतो. तो रस्ता त्याच वेशीसमोरून जातो. ती जवळ आली की मी पोराच्या पाठीवर हात ठेवतो आणि सांगतो, हळू कर. आन हॉर्न वाजव.

तो विचारतो, काहून? रस्त्यात तर कोणी न्हाई.

मी म्हणतो, वाजव.